हौसाआत्याच्या लग्नाचं शेवटचं रीळ

आमच्या तंबूच्या टॉकीजला मशीन एकच. एक रीळ संपलं की ते उतरवायचं, दुसरं चढवायचं, म्हणजे दोन-तीन मिनिटं पडदा पांढराफटक. पब्लिक शिट्ट्या मारायची, बिड्या पेटवायची आणि आम्ही तंबूतली माणसं मशीनपाशी जमून एकमेकांना किस्से सांगायचो. एका पिक्चरची रिळं पंधरा-सोळा. म्हणजे एका खेळाला पंधरा किस्से! अशी माझी अठरा वर्षं गेली. पिक्चर मला एकही धड आठवत नाही, कारण मी सगळा वेळ मशीनच्या दिव्यातली कार्बनची कांडी नीट जळतेय का तेच बघत असायचो. किस्से मात्र डोक्यात इतके साठलेत, की एक काढायला जावं तर चार अंगावर येतात.

मी दत्ता, ऑपरेटर. गाव निमगाव केतकी. मालक तात्या, वरकुट्याचे. दिवाळीनंतर आमचा तंबू बारामती-इंदापूरच्या जत्रा धरत फिरायचा आणि पावसाळ्यात वरकुट्यात तात्यांच्या गोठ्याशेजारी गुंडाळून पडायचा. नव्वद साल उलटलं, गावागावात केबल आली आणि पब्लिक घरात बसून फुकट पिक्चर बघायला लागलं. आम्हाला रिकामा वेळ भरपूर. रिकामा वेळ आला की आमच्याकडे हमखास एकच विषय निघायचा, तो म्हणजे हौसाआत्याचं लग्न. झालं का नाही?

थांबा. आधी गेटवरनं आत या.

* * *

गेटवर गंगाराम आबा. वय ऐंशीच्या पुढं. तात्यांच्या वडलांच्या काळापासून तिकिटं फाडत आलेला माणूस. बसायला पत्र्याची एक जुनी पेटी, तिला कुलूप, वर घोंगडीची घडी. आणि आबांच्या डाव्या हाताला बोटं सहा.

निमगावच्या जत्रेत एकदा तंबू खच्चून भरला. तात्या आतून ओरडले, "आबा, आता फक्त पाच सोडा, मग गेट बंद!"

आबांनी डावा हात वर करून बाहेरच्या गर्दीला दाखवला. एवढेच. सहा जण आत घुसले! सहाव्याला आबांनी धोतराला धरलं, तर तो म्हणतो, "हात दावला का न्हाय? मग मोजा की बोटं!"

आबांनी स्वतःचाच हात उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाले, "जा बाबा. तुला वरनंच पास आलाय."

पेटीत काय आहे, हे आबांनी कधी कुणाला सांगितलं नाही. आमचा बबन, म्हणजे रिक्षाला भोंगा बांधून गावोगाव पिक्चरची जाहिरात करणारा, तो सारखा त्यांच्या मागं लागायचा. "आबा, सोनं हाय काय ओ पेटीत?"

"अब्रू हाय माजी," आबा म्हणायचे. "बसलोय तिच्यावर."

आम्ही खो खो हसायचो.

आणखी एक गंमत. हौसाआत्या समोरून आली की आबा डावा हात घोंगडीखाली घालायचे. थंडी असो, ऊन असो. आम्हाला वाटायचं, जुनी माणसं, बाईमाणसासमोर व्यंग झाकत असतील.

* * *

हौसाआत्या तात्यांची सख्खी आत्या, पण सगळा तंबू तिला आत्याच म्हणायचा. बायकांच्या तिकिटाच्या खिडकीत बसायची. पंच्याहत्तरीच्या पुढची, काटक, जिभेला धार. तिने तिकीट द्यायचं आणि दहा पावलांवर आबांनी ते फाडायचं, असं चाळीस वर्षं चाललं होतं. बोलणं मात्र नाही.

आत्याची एक अडचण होती. ती कुवार, सवाष्ण का विधवा, हे वरकुट्यात अजून कुणाला ठरवता आलेलं नव्हतं. साठ वर्षं!

एकदा संक्रांतीला एका बागायतदाराच्या घरी हळदीकुंकू होतं. आत्या रांगेत बसलेली. नवी सून कुंकू लावत लावत आली, आत्याच्या कपाळापाशी तिचं बोट थांबलं. ती सासूकडे बघायला लागली. सासू उठून आपल्या सासूकडे गेली. ती माजघरात झोपलेली, तिला उठवलं. ती म्हणाली, "नवरा जित्ता आसंल तर लावा." मग नवरा जिवंत आहे का, हे विचारायला ओसरीवर पुरुषांकडे माणूस गेलं. ओसरीवर दोन तट पडले. एक म्हणे लग्नच झालं नाही, दुसरा म्हणे झालं, आम्ही होतो. आवाज चढले, कुणीतरी कुणाची टोपी उडवली.

इकडे सुनेचं बोट अजून हवेतच!

आत्याने बराच वेळ वाट बघितली आणि म्हणाली, "पोरी, कपाळाचं हुईल तवा हुईल. तिळगूळ संपाय आलाय, तेवढा तरी दे."

आम्हाला हे तिनेच सांगितलं, हसत हसत. सांगून झाल्यावर मात्र पदराने कपाळ पुसलं. कपाळावर काहीच नव्हतं.

* * *

हे असं का, ते सांगणारा अधिकारी माणूस म्हणजे वरकुट्याचे दगडूआण्णा. आत्याच्या लग्नात जेवलेल्यांपैकी जिवंत राहिलेले ते एकटेच. त्यांचा किस्सा कायम एकाच वाक्याने सुरू व्हायचा. "म्या त्या लग्नात सात लाडू खाल्ले!" पुढं ते नऊ झाले. मी नोकरीला लागलो तेव्हा अकरा होते.

तर आत्या पंधरा वर्षांची असताना वरकुट्याच्या माळावर एक सिनेमा कंपनी उतरली. तेव्हा सिनेमे मुके. गोष्ट अशी, की मेंढपाळाच्या पोरीचं इनामदाराच्या मुलाशी लग्न ठरतं आणि भर मांडवात कुणीतरी पोरीच्या बदनामीची चिठ्ठी आणून देतं. कंपनीला मेंढरं पाहिजे होती. आत्याच्या बापाकडे दोनशे. पण कंपनीची हिरोईन मेंढरांना जी भ्याली, ती थेट मुंबईलाच परत गेली. डायरेक्टरने आत्याला मेंढरं हाकताना बघितलं आणि बापाला विचारलं. बाप म्हणाला, "फोटूच काडायचाय न्हवं? काडा." आणि दहा-बारा मेंढरं कंपनीला ठेवून तो दिवाळीनंतरच्या रिवाजाप्रमाणे बाकीचा कळप घेऊन कोकणात उतरला. आई लहानपणीच गेलेली. पोर चुलत्याच्या भरवशावर.

आठ दिवस आत्या कॅमेऱ्यासमोर चालली, बसली, विहिरीत डोकावली. रड म्हटलं की तिला हसू यायचं. मग कंपनीचा आचारी कांदा चिरून तिच्या नाकाशी धरायचा. तो आचारी म्हणजे हेच आपले गंगाराम आबा. तेव्हा विशीतले, कंपनीबरोबर आले आणि कंपनी गेली तरी इकडेच राहिले.

शेवटच्या दिवशी लग्नाचा सीन. डायरेक्टर हौशी. त्याला सगळं खरं पाहिजे. खरा मांडव, खरं गाव वऱ्हाडी म्हणून, खरे लाडू आणि भटजीही खरे, इंदापूरहून आणलेले. भटजी म्हणाले, "मुहूर्त दुपारी चारचा."

डायरेक्टर रडकुंडीला आला. "महाराज, ऊन जातंय!"

"ऊन उद्या परत येईल. मुहूर्त येणार नाही."

चार वाजले. नवरी डोक्यावरून शाल ओढून उभी राहिली. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली, ती आठच्या आठ, सुरात, आलापासकट. डायरेक्टर हात जोडून म्हणाला, "महाराज, फिल्म मुकी आहे. नुसते ओठ हलवा!"

भटजी म्हणाले, "फिल्म मुकी असेल. देव बहिरा नाही."

झालं! अख्ख्या गावाने अक्षता टाकल्या, पंगत उठली आणि दुसऱ्या दिवशी कंपनी निघून गेली, नवऱ्या मुलासकट.

पुढच्या वर्षी आत्याच्या बापाने सोयरीक बघायला सुरुवात केली. निरगुडीचे पाहुणे आले, पोरगी पसंत पडली, पोहे खाल्ले. मग गावातलं कोणीतरी म्हणालं, "पोरगी ब्येस हाय. पण तिचं लगीन झालंय."

"कोण म्हंतं?"

"म्हणाय कशाला पायजे? आमी जेवून आलोय!"

असं एकदा नाही, नऊ वेळा झालं.

आत्या पहिल्या दिवसापासून एकच सांगत आली. "म्या मांडवात न्हवतेच. सकाळधरनं ताप भरल्याला. बैलगाडीत वाकळ घिऊन पडले हुते. डायरेक्टर बोलला, तू पड, आमी दुसरं कुनीबी हुबं करतो."

"मग शालीखाली कोण हुतं?" गाव विचारायचं.

ते तिला माहीत नव्हतं आणि तिथेच तिचं घोडं साठ वर्षं अडलं.

फिल्म तयार होऊन इंदापुरात आली, तेव्हा आत्या पहिल्या रांगेत जाऊन बसली होती. आता शेवटच्या रिळात सगळ्यांना दिसेल, शालीखाली कोण ते! तर शेवटचं रीळ पेटीत नाहीच. बारामती स्टेशनवरून पेटी आणायला गंगाराम गेलेला, तो म्हणाला, "मुंबैवरनंच आलं न्हाय." वऱ्हाड मांडवाकडे निघालं आणि पडदा पांढरा झाला. पब्लिकने खुर्च्या मोडल्या. पुढं बाकीची रिळंही मुंबईच्या गोदामात जळाल्याचं कानावर आलं.

तात्यांच्या वडलांनी तंबू काढला, तेव्हा आत्या स्वतःहून खिडकीत येऊन बसली. सिनेमा हरवला तर सिनेमाच्याच वाटेने परत येईल, असं तिचं म्हणणं. चाळीस वर्षं ती त्या खिडकीत एका रिळाची वाट बघत होती, हे आम्ही विसरूनच जायचो. किस्सा सांगायचो आणि हसायचो.

* * *

एकदा पेपरात चार ओळी आल्या. मुक्या जमान्यातला एक जुना नट वारला. नाव आत्याच्या 'नवऱ्या'सारखं.

आम्ही तेव्हा माळेगाव बुद्रुकला होतो, कारखान्याचा सीझन होता, उसाच्या गाड्यांची रांग तंबूपर्यंत आलेली. भर दुपारी वरकुट्यावरून एक टेंपो आला. त्यातून अकरा बायका उतरल्या त्या रडतच. आत्याच्या गळ्यात पडून म्हणाल्या, "आत्याबाई, कपाळ फुटलं ओ तुमचं!" आणि एकीने आत्याचा हात धरून बांगड्या फोडायला दगड उचलला.

"सोड माजा हात!" आत्या गरजली. "कोण मेलं?"

"मालक तुमचं!"

"कुनाचं?"

तेवढ्यात बबनला काय सुचलं कुणास ठाऊक. आत्या त्या दगडवालीच्या तावडीतून सुटावी म्हणून तो मध्ये पडला आणि म्हणाला, "आवं, पेपरात दुसराच कोणतरी हाय! हिचा मालक म्या परवाच बारामतीच्या स्टँडवर बगितला. भेळ खात हुता!"

बायकांनी दगड खाली टाकला. डोळे पुसले. मग त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने कमरेची पिशवी काढली, आत्याला कुंकू लावायला बोट उचललं आणि परत अडली. "पर भेळ खात हुता म्हंजी... नांदवीत का न्हाय मग हिला?"

त्या सगळ्या टेंपोत बसून बारामती स्टँडला गेल्या, जाब विचारायला! भेळवाल्याच्या गाडीवर कोणीतरी एक निरपराध म्हातारा सापडला. त्याला त्यांनी इतकं सुनावलं, की तो भेळ टाकून मिळेल त्या एस.टी.त चढला.

आत्या दोन दिवस बबनशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बबन्या, मला कुनी मारू नगं आन् कुनी जगवू बी नगं. माजं एवडंच म्हननं हाय, म्या हुबी न्हवते. एवडं एक कुनीतरी आयका."

* * *

मग पुण्याहून सर आले. जुन्या सिनेमांवर अभ्यास करणारे, खांद्याला शबनम, बोलायला मऊ. म्हणाले, या फिल्मचं फक्त नाव एका जुन्या यादीत आहे, फिल्म कुणाकडे नाही. एखादा तुकडा मिळाला तरी फार मोठी गोष्ट होईल.

त्यांनी आत्याला दोन तास प्रश्न विचारले. अभिनय, प्रकाशयोजना, काय काय. आत्याने एकच विचारलं, "त्यात मांडवात कोण हाय ते दिसंल का?"

"सापडली तर दिसेल ना आजी."

दुसऱ्या दिवशी बबन रिक्षा घेऊन दोन्ही तालुक्यांत फिरला. "ऐका हो ऐका! ज्या कुणाकडं जुन्या सिनेमाची पट्टी आसंल, त्यानं तंबूत आणून द्यावी! पट्टीमागं एक पास फुकट!"

आता पास फुकट म्हटल्यावर काय! लोकांनी काय काय आणलं. एकाने मोडलेल्या पायाचा एक्स-रे आणला. एकाने लग्नाची व्हिडीओ कॅसेट आणली, म्हणाला, "ह्यात बी भांडणं हायती." एका कासाराने सांगितलं, की त्याच्या आज्याने जुन्या फिल्मच्या पट्ट्या वितळवून बांगड्या केल्या होत्या. तर सर त्या बांगड्या भिंगातून बघत बसले!

पण खरा घोळ द्राक्षाच्या बागांत झाला. आमच्या भागात पाखरं हाकलायला बागेत चकाकणाऱ्या पट्ट्या बांधायचे, कॅसेटच्या, फिल्मच्या, मिळेल त्या. आत्याला हे कळलं आणि ती सकाळी उठून बागा पालथ्या घालायला लागली. एकेक पट्टी सोडायची, उन्हाकडे धरायची, एक डोळा मिटून बघायची. मांडव दिसतोय का? नाही. पुढची पट्टी. मी सोबतीला असायचो. आठ दिवसांत आम्ही सतरा बागा केल्या. एक हाणामारी सापडली, एक डान्स सापडला आणि एका पट्टीत नुसता घोडा.

नवव्या दिवशी बागायतदारांचा मोर्चा तंबूवर! "तुमच्या म्हातारीनं पट्ट्या सोडल्या, पाखरांनी बागा खाल्ल्या!"

तात्यांनी हात जोडले. आत्या मात्र त्यांच्यावरच उखडली. "दोन घड द्राक्षं गेली तर एवडी बोंब? माजा आख्खा जल्म पाखरांनी खाल्ला, तवा कुनी मोर्चा काडला का रं?"

मोर्चा आल्या वाटेने परत गेला. गेटवर आबा मान खाली घालून बसले होते. त्यांना खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबली नाही.

* * *

त्याच वर्षी तात्यांच्या मुलीचं, शोभाचं, लग्न ठरलं. हळद दळायला पाच सवाष्णी लागतात. जात्याला सुपारी बांधून पाचजणींनी दळायचं, असा आमच्याकडचा रिवाज. शोभाने हट्ट धरला, की पाचातली एक हौसाआज्जी पाहिजे. तिनेच मला वाढवलंय.

भावकीची बैठक बसली. परत तेच. दगडूआण्णा म्हणाले, "लगीन झालंय, बसू द्या. म्या तेरा लाडू खाल्ल्यात." दुसरा म्हणाला, "नवरा ऱ्हायलाय का?" तिसरा म्हणाला, "भेळ खाताना बगितलाय." मी कपाळाला हात लावला.

आत्या उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. मग ती बोलली आणि त्या दिवशी तिच्या आवाजाला धार नव्हती.

"जात्यावर नगा बसवू. पर एक ठरवून ठिवा. म्या मेल्यावर मला हिरवं नेसवायचं का पांडरं? तवा मला सांगाया येयाचं न्हाय, म्या हुबी न्हवते म्हणून."

आबा पाणी प्यायला म्हणून ओसरीवर आले होते, ते तांब्या तसाच ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनवरची ताडपत्री काढली, तर तिथे एक गोल डबा. गंजलेला. आत रीळ. गेटकडे बघितलं. आबा उभेच होते. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

"आबा, पेटी कुठं गेली?"

"मोडली," आबा म्हणाले. तोंड दुसरीकडे.

मी काय ते समजलो. पण आत काय आहे, हे मला तरी कुठं माहीत होतं? सरांना फोन लावला. सर तिकडून ओरडले, "मशीनला लावू नका! जुनी फिल्म आहे, भडका उडेल!" दुपारच्या आत ते जीप घेऊन हजर! रीळ पुण्याला नेलं, तिथे त्याची नवी कॉपी निघाली आणि शोभाच्या हळदीच्या दिवशी दुपारी सर ती घेऊन वरकुट्यात आले.

* * *

दिवसा तंबूत उजेड शिरतो, म्हणून सोसायटीच्या खताच्या गोदामात दारं लावून खेळ ठेवला. पडदा म्हणून मांडवातली चादर. पब्लिक युरियाच्या पोत्यांवर. हळदीची सगळी बायकामंडळी, जात्यावरच्या सवाष्णी हात न धुता आलेल्या, भावकी, दगडूआण्णा पहिल्या रांगेत चष्मा पुसत. आत्या त्यांच्या शेजारी, ताठ. आबा आत येईनात. शेवटी आले आणि सवयीने दाराशीच उभे राहिले.

मी मशीन सुरू केलं.

पडद्यावर मांडव आला. मुक्या सिनेमात माणसं जरा पळतच चालतात. पळत पळत वऱ्हाड आलं, पळत पळत भटजी आले. लोकांनी आपापले आजे-पणजे ओळखायला सुरुवात केली. "त्यो बगा आमचा म्हादूआज्जा!" "आरं, म्हातारी बग, क्येस हायती तिला!" भटजींचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. आठही मंगलाष्टकं दिसत होती, ऐकू एक येत नव्हतं.

मग मध्येच पंगत, जोडणाऱ्याने मुहूर्ताआधीच लावलेली. दगडूआण्णा ओरडले, "त्यो म्या!" एक पोरगं खरंच मांडी घालून लाडू खात होतं. सगळं गोदाम मोठ्याने मोजायला लागलं. "एक! दोन! तीन!" आणि पंगत उठली.

"तीनच?" बबन म्हणाला.

"पुढचं कापलंय!" दगडूआण्णा म्हणाले.

चिठ्ठी आली. इनामदाराने ती वाचली, टराटरा फाडली. सर आनंदाने पुटपुटले, "म्हणजे शेवट गोड आहे! कुठेच नोंद नाही याची!" त्यांच्याकडे कोणी बघितलंही नाही. कारण पडद्यावर अंतरपाट खाली आला होता.

पलीकडे नवरी. डोक्यावरून शाल अशी ओढलेली, की हनुवटीसुद्धा दिसेना. नवरीने शालीबाहेर हात काढले, हार उचलला आणि हौशी डायरेक्टरने नेमका तो हातच मोठा करून दाखवला. पडदाभर हात. हिरवा चुडा. मनगटावर दाट केस.

शोभाची धाकटी बहीण, पाचवीतली, मोठ्याने मोजायला लागली. लाडू मोजायची सवय नुकतीच लागलेली. "एक, दोन, तीन, चार, पाच..."

आणि थांबली. मग हळूच म्हणाली, "सहा."

मी मशीन बंद केलं. कोणीतरी दार उघडलं. उजेड आत आला, तो आबांच्या अंगावर. डावा हात लपवायला घोंगडी नव्हती. तो तसाच लोंबत होता.

मला हसू फुटलं. खरं सांगतो, पोटातून फुटलं. मग आत्याकडे लक्ष गेलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

आत्या उठली. दगडूआण्णांकडे वळून म्हणाली, "आण्णा, जेवून आलावता न्हवं?"

दगडूआण्णांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"आता समद्यांनी आयका," आत्या म्हणाली. "म्या कुवार हाय. कुनाच्या वळखीत चांगलं स्थळ आसंल तर सांगून या."

मग ती दाराकडे गेली. चाळीस वर्षं जे अंतर तिकिटं चालत होती, तेवढंच. आबांसमोर उभी राहिली. आबांचे ओठ हलले, भटजींसारखे, आवाज आलाच नाही. आत्याने एकदा त्यांच्या सहाव्या बोटाकडे बघितलं. मग मान वळवून हळदीकुंकवाचं ताट घेतलेल्या बाईला म्हणाली,

"सवाष्ण हितं दारात ताटकळलीय गं. आदी तिला लावा."

बाई ताट घेऊन आली. तिचं बोट हवेत थांबलं.

आबांनी टोपी काढली आणि कपाळ पुढं केलं.